लोखंडी वांग्यांचं शेत

एक होता राजा. तेवढ्यावर भागलं असतं, पण नदीपलीकडे आणखी एक होता. अल्याडच्या राजानं आपली मुलगी पल्याडच्या राजाच्या मुलाला दिली. लग्न लागलं, पंगत बसली, आणि पल्याडच्या राजाच्या लक्षात आलं की आपला पाट व्याह्यांच्या पाटापेक्षा बोटभर ठेंगणा आहे. झालं! राजा रुसला.

आता तुमच्या-आमच्या घरी व्याही रुसला तर काय होतं? त्याला एक शाल देतात आणि संध्याकाळपर्यंत तो जिलबी खायला लागतो. पण या राजांकडे सैन्य होतं ना. ज्याच्याकडे सैन्य असतं त्याचा रुसवा लवकर निघत नाही, बरं का. लागली लढाई.

मग लांबच्या मुलखातून एक व्यापारी आला. मोठा गोडबोल्या. दुपारी अल्याडला जेवायचा, रात्री पल्याडला. आधी त्यानं दोघांनाही लांब पल्ल्याच्या तोफा विकल्या. मग विकल्या डोळे असलेल्या लोखंडी घारी. राजानं झोपाळ्यावर बसून नुसतं बोट दाखवायचं, की घार तिकडे जाऊन आग टाकून परत यायची. पान रंगेपर्यंत काम झालेलं. आणि तिसऱ्या खेपेला त्यानं आणली लोखंडी वांगी. म्हणाला, "महाराज, हा शिपाई बघा. पगार मागत नाही, झोपत नाही, घरची आठवण काढून रडत नाही. मातीत पुरा आणि विसरून जा. वरून कुणी चाललं, की धडाम!"

नदीच्या मधोमध एका बेटावर मधलीवाडी नावाचं गाव होतं. दोन्ही राजांनी पोत्यापोत्यानं वांगी घेतली आणि मधलीवाडीच्या शेतात पुरली. रोज दोन्हीकडे दवंडी पिटायची, "आज आपण जिंकलो हो!" रोज दोघंही जिंकायचे. हरायची फक्त मधलीवाडी. तिची शाळा गेली, विहिरीचा काठ गेला, आणि निम्मी माणसं गाठोडी बांधून निघून गेली.

मग काय झालं, राजकन्येला मुलगा झाला. आजोबा झाला की माणूस विरघळतो. बारशाला दोन्ही राजांनी कडकडून मिठी मारली. तोफांवर चादरी टाकल्या, घारी पिंजऱ्यात ठेवल्या, लढाई संपली. पण लढाई संपली हे वांग्यांना कोण सांगणार?

मधलीवाडीत भिवरा नावाची बाई होती. तिचा नवरा आबाजी. लढाई संपल्याची दवंडी ऐकून आबाजी आनंदानं शेतात धावला, आणि त्याचा एक पाय तिथंच राहिला. हो बाळांनो, खरंच राहिला. त्या दिवसापासून शेतात कुणी पाऊल टाकेना. गावाकडे शाळू ज्वारीच्या बियाण्याची तीन मडकी तेवढी उरली होती. दिवाळीच्या आत पेरलं तर गाव टिकणार. नाही तर बियाणंच दळून खायचं आणि उरलेल्यांनीही गाठोडी बांधायची.

भिवरा गेली अल्याडच्या राजाकडे. "महाराज, तुमची वांगी काढून न्या." राजानं सेनापतीला विचारलं, "कुठं पुरली रे?" सेनापती डोकं खाजवत म्हणाला, "घाईत पुरली, महाराज. खूण करायची राहिली."

मग ती गेली पल्याडच्या राजाकडे. त्यानं वांगी फोडायला हत्ती दिला. हत्ती बांधापर्यंत आला, सोंडेनं माती हुंगली, एक पाय उचलला, तो होता तिथंच ठेवला आणि माहुतासकट घरी निघून गेला. राजाच्या पदरी असूनही हत्ती शहाणा निघाला!

तिसऱ्या दिवशी भिवरा कपाळाला हात लावून बसली होती, तर चुलीमागच्या सापळ्यात खडखड झाली. बघते तर काय, ही एवढी घूस! रोज हिचे कांदे पळवणारी. भिवरानं सापळा उचलला. "चल भवाने, आज तुला नदीतच बुडवते."

घूस म्हणाली, "बुडव गं बाई. पण मी रोज त्या शेतातूनच तुझ्याकडे येते. मी उडाले का कधी?"

भिवरा मटकन खाली बसली. "का नाही उडालीस?"

"माझं वजन ते केवढं! मी अंगावरून गेले तरी वांगं कूससुद्धा बदलत नाही. आणि लांबून वास येतो ना. विझलेल्या फटाक्यासारखा, शी!"

बाजेवरून आबाजी ओरडला, "अगं, सोड तिला! शेंगदाणे आण आधी!"

सौदा ठरला. एका वांग्याला एक शेंगदाणा. भाजलेला आणि सोललेला. खारा नको, म्हणाली, तहान लागते.

मग आबाजी बांधावर बसला, हातात लांब सुतळी, आणि सुतळीच्या टोकाला घूस. घूस हुंगत हुंगत जायची. वांगं लागलं की थांबून माती उकरायची. तिथं भिवरा लांब काठीनं लाल चिंधी टाकायची. मग सगळं गाव बांधाआड दडायचं आणि दोन बाजूंनी दोर ओढून त्यावरून दगडी जातं फिरवायचं. धडाम! की लगेच घूस म्हणायची, "दाणा?" पहिल्या दिवशी सात वांगी फुटली, दुसऱ्या दिवशी सतरा, आणि तिसऱ्या दिवशी इतकी, की घुशीनं ढेकर दिली. शेत मोकळं झालं.

बातमी कळायचा अवकाश, दोन्ही राजे ढोलताशे घेऊन हजर. दवंडीवाले ओरडायला लागले, "महाराजांनी शेत मोकळं केलं हो!"

भिवरानं हात जोडले. "उपकार झाले. पण गाव अजून भितंय, महाराज. तुम्हीच मोकळं केलंत, तर तुम्हीच आधी चालून दाखवा."

ढोल थांबले. ताशे थांबले. राजांना नाही म्हणता येईना. दोघांनी जोडे काढले, एकमेकांचा हात घट्ट धरला आणि निघाले. पुढे घूस, मध्ये राजे, मागे बैलांची तिफण. राजांची पावलं उमटतील तिथं शाळू पेरला जात होता.

शेताच्या मध्यावर घूस थांबली. आणि माती उकरायला लागली.

दोन्ही राजांचा एकेक पाय हवेतच राहिला! खाली टेकवेना, मागे वळवेना. एकमेकांच्या गळ्यात हात टाकून दोघं बगळ्यासारखे उभे. मुकुट कलले, मिशा ओल्या झाल्या.

आबाजी बांधावरून काठी टेकत म्हणाला, "जमतं हो महाराज, हळूहळू. मला दोन महिने लागले."

कुणी हसलं नाही. राजांनी वळून आबाजीकडे पाहिलं. घारीच्या डोळ्यांनी नाही, स्वतःच्या. मग अल्याडचा राजा पुटपुटला, "आता पुन्हा नाही पुरणार." पल्याडचा म्हणाला, "कुणाच्याच शेतात नाही."

"मोठ्यानं म्हणा," भिवरा म्हणाली. मग दोघं इतक्या मोठ्यानं ओरडले, की दोन्ही काठांवरच्या माणसांनी ऐकलं.

तेव्हा भिवरानं विचारलं, "किती खोल आहे गं वांगं?"

घूस म्हणाली, "कसलं वांगं? मघाचा दाणा पडला इथं, तो शोधतेय!"

मग मात्र सगळी वाडी हसली. राजेही हसले, पाय टेकल्यावर. तिफण पुढे चालली आणि दिवस मावळायच्या आत तिन्ही मडकी रिकामी झाली. त्या साली एकेक कणीस एवढं भरलं, की न्यायला दोन माणसं लागायची. खोटं वाटतं? मी स्वतः एका बाजूनं धरलं होतं. गाठोडी घेऊन गेलेली माणसं हुरड्याच्या वासानं परत आली, चुली पेटल्या, सगळी पोटभर जेवली. जेवून मधलीवाडी निजली. तुम्हीही निजा आता.