काडीमोडाचं गाढव

न्यायाधीश त्र्यंबकशास्त्रींचा नियमच होता: काडीमोड हवा, तर नवराबायकोपैकी एकाचा अपराध सिद्ध व्हायला हवा. अपराध्याची धिंड काढायला गाढव कचेरीच्या दारातच बांधलेलं असे.

म्हाळसाचं नवऱ्याशी, दाजिबाशी पटत नव्हतं. पण एकमेकांवर खोटा आळ घ्यायला दोघंही तयार होईनात.

शास्त्री कडाडले, "अपराधी दाखवा, नाहीतर जन्मभर नांदा!"

म्हाळसानं पदर सावरला. "दाखवते. पत्रिका पाहून, छत्तीस गुण जुळतात, डोळे झाकून लग्न लावा, असं ज्यांनी सांगितलं ते."

"कोण तो? नाव घे!"

"आपणच, शास्त्रीबुवा. पहिल्या पंगतीला जेवलातही."

गाढवानं कान हलवले. शास्त्रीबुवांनी त्याच्याकडे पाहिलं आणि कारकुनाला म्हणाले, "लिही. आजपासून काडीमोडाला अपराधी लागत नाही. आणि ते गाढव कुंभाराला परत कर."