कमानीखालची सावली

फार पूर्वी, रोमच्या बादशहाचं राज्य दूरदूर पसरलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका कोरड्या गावात डोंगरावरचं पाणी आणायला बादशहाचा सुभेदार उंच कमानींचा पूल बांधून घेत होता. तिथे एक रीत होती. कमान पुरी झाली, की खालचे लाकडी टेकू काढताना ती बांधणाऱ्या गवंड्यानं स्वतः तिच्याखाली उभं राहायचं.

शेवटची कमान पुरी झाली आणि गवंड्याचं जेवणावरचं मन उडालं. ऐन कामात अवकाळी पाऊस झाला होता. सांध्यातला चुना नखानं टोकरला, तर अजून ओला लागे.

"मग सांगा की सुभेदारांना," बायको म्हणाली.

"बादशहाच्या वाढदिवसाला पाणी सोडायचं ठरलंय. नाही म्हटलं तर पुन्हा काम कोण देईल?"

"आणि कमान पडली, तर मी कुणाकडे बघू?"

गवंड्यानं ताट बाजूला सारलं.

वाढदिवस उजाडला. सुभेदार खुशीत होता. "मिस्त्री, तुम्ही आज पंगतीत माझ्याशेजारी बसा. तुमच्यासारखा कारागीर मला पुढेही लागणार. रीत राहू दे एक दिवस."

गवंड्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो बसला, जेवायलाही लागला. तेवढ्यात अंजीर विकणारी म्हातारी पाटी घेऊन आली.

"मिस्त्री, टेकू निघाले की मी कमानीखालीच बसणार बघा. सावली गार आहे. तुम्ही बांधलीय, मला कसलं भय?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. तो उठला आणि कमानीखाली जाऊन उभा राहिला.

"टेकू काढू नका. चुना ओला आहे."

"अहो, तुम्हाला तर सूट दिली," सुभेदार चिडून म्हणाला.

"मला दिलीत, सरकार. दगडांना कुठे दिलीत?"

सुभेदारानं त्याला कामावरून काढलं आणि दुसऱ्या गवंड्याला पुढे बोलावलं. रीतीप्रमाणे आता त्यानं उभं राहायचं. त्यानं वर बघितलं, सांध्यात नख घातलं, आणि मुकाट्यानं मागे सरला. सुभेदारानं आपल्या माणसांकडे पाहिलं. जो तो खाली मातीकडे बघत होता.

टेकू तसेच राहिले. वाढदिवस कोरडाच गेला. गवंडी लोकांच्या भिंती लिंपत राहिला, पण जाता येता त्याची नजर कमानीवरच.

उन्हाळा सरला तेव्हा सुभेदारानं त्यालाच निरोप धाडला. गवंडी कमानीखाली उभा राहिला. एकेक टेकू निघू लागला. वर काहीतरी करकरलं. बायकोनं डोळे मिटले.

कमान हलली नाही.

"सरका मिस्त्री," म्हातारी म्हणाली, "पाटी ठेवू द्या."

तात्पर्य एवढंच, बाळांनो: जिथे उभं राहायला आपला पाय धजत नाही, तिथे दुसऱ्याला सावलीला बसू देऊ नये.