पुसलेली धूळपाटी

फार फार मागची गोष्ट. दगडी पाट्याही नव्हत्या तेव्हाची. मुले लाकडी फळीवर बारीक धूळ पसरत आणि बोटाने अक्षरे गिरवत.

एका गावात एक पंतोजी होते. विद्वान खरे, पण तोरा असा की विचारू नका. सुगी संपली की गावाबाहेर धनगरांचा तळ पडे. मेंढरे शेतात बसत, शेतांना खत मिळे, म्हणून गावाला मेंढरे हवी असत. मेंढरांमागून येणारी धनगराची पोर बनू शाळेत बसायची, ती मात्र पंतोजींना नको असे.

दर वर्षी ते तिला 'क'पासून बसवत. ती 'ठ'पर्यंत पोचे तोवर तळ हले. पुढच्या वर्षी पुन्हा 'क'.

एकदा तळ हलायच्या आदल्या दिवशी तिने विचारले, "गुर्जी, माजा ठ झाला. म्होरं काय असतंय?"

"तुझी मेंढरं काय अक्षरं चरणार आहेत?" असे म्हणून पंतोजींनी तिच्या फळीवरून तळहात फिरवला. सगळे पुसून गेले. पोरे खो खो हसली. बनू फळी तिथेच ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या मुलांनी 'ड' काढला. वारा नव्हता. तरी धूळ हळूहळू सरकली आणि 'ड' बुजला. पुन्हा काढला, पुन्हा बुजला. 'ठ'पर्यंतची अक्षरे मात्र जागच्या जागी राहत. बनूच्या रिकाम्या जागेकडून ओल्या लोकरीचा वास येऊ लागला.

मुले भ्याली. आईबाप त्यांना घरी घेऊन गेले. पंतोजींनी धीर करून पोथी उघडली, तर त्यांनाही 'ठ'च्या पुढचे एकही अक्षर ओळखू येईना. जन्मभराची विद्या गेली! तेवढ्यात अगदी कानाजवळ बारीक आवाज आला, "म्होरं काय असतंय?"

शाळेत कुणीही नव्हते.

पंतोजींनी बनूची फळी उचलली आणि मेंढरांच्या मागावर निघाले. माळामागून माळ ओलांडले, तेव्हा कुठे तळ दिसला. बनू कोकराला दूध पाजत होती.

"बनू, चुकलं माझं," ते म्हणाले. "येत होतं तेव्हा तुला सांगितलं नाही. आता मलाच येत नाही."

बनूने कोकराला खाली सोडले. मग म्हणाली, "बसा की. दोघं मिळून काढू."

तिने मेंढरांच्या पायांखालची धूळ फळीवर पसरली. गुरूचे बोट आपल्या हातात धरून 'ठ' गिरवला. बोट थांबले आणि आपसूक पुढे सरकले. 'ड' उमटला. दोघेही बघत राहिले. तो बुजला नाही.

त्या दिवसापासून गावातली अक्षरेही टिकू लागली. पुढे दर वर्षी तळ हलला की पंतोजी बनूबरोबर पुढच्या गावापर्यंत चालत जात आणि तिथल्या गुरूला सांगत, "ही इथवर शिकली आहे. आता इथून पुढे शिकवा."

पण ज्या तळहाताने त्यांनी ती फळी पुसली होती, त्यावरची धूळ काही मरेपर्यंत निघाली नाही. किती घासली, किती धुतली, तरी नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: एका लेकराची विद्या जिथे अडवाल, तिथेच साऱ्या गावाची विद्या अडेल.