नवरदेव कुठं असतो
तनुजाच्या सायकलीचं सगळं हौसाआत्याच बघायची. पोरीनं काय खायचं, कुठल्या शर्यतीत उतरायचं, सगळं. आज साखर कारखान्याच्या संघात तिला घेतात की नाही, ते ठरणार होतं. चेअरमनसाहेब जीपमधून शर्यत बघत होते, शेजारी आत्या.

"हौसाबाई, तुमची पोर दुसऱ्यांच्या पाठीमागं लपतीय. असली मागं राहणारी आम्हाला नको."

"वारा पुढचीनं झेलायचा, हिनं दम राखायचा. मीच सांगितलंय," आत्या म्हणाली. "साहेब, परवा तुमच्या लेकाच्या वरातीत पुढं कोण होतं?"

"बँडवाले."

"आणि नवरदेव?"

"मागं, घोड्यावर."

"मग सूनबाईनं माळ बँडवाल्याला घातली व्हय?"

ड्रायव्हर फिसकन हसला. तेवढ्यात तनुजा पाठीमागनं सुटली आणि सगळ्यांच्या आधी रेघ ओलांडून गेली.

संघात घेतल्याचा हार साहेबांनीच तिच्या गळ्यात घातला. बँड मात्र आत्यानं सांगितला.