हाडवैद्य आणि दोन ओसऱ्या

पूर्वी दृढवर्मा राजा शंखपूर नगरात राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका हाडवैद्याच्या घरी जन्माला आला. मोडलेले हाड जुळवण्यात ते घराणे निष्णात होते. पण बोधिसत्त्वाच्या वडिलांचा दावा त्याहून मोठा होता. पाठीचा मणका जागचा सरकला की त्यातूनच ताप, खोकला, बहिरेपण असे सगळे रोग उपजतात आणि तो कट् आवाज करून बसवला की रोग जातो, असे ते सांगत. बोधिसत्त्वाने ही विद्या श्रद्धेने घेतली. दूरदूरचे लोक त्याच्या दारी येत आणि बरे होऊन जात.

एका वर्षी तो परगावी गेला असता नदीला पूर आला आणि बारा दिवस तो पलीकडेच अडकला. परतल्यावर पाहतो तो काय, त्याची वाट पाहत थांबलेल्या तीस रोग्यांपैकी एकोणीस जण हिंडूफिरू लागले होते! कुणी त्यांना बोटही लावले नव्हते. बोधिसत्त्व थक्क झाला.

"यांना बरे कुणी केले?" तो स्वतःशीच म्हणाला. "आणि आजवर मी ज्यांना बरे केले म्हणतो, त्यांना तरी कुणी केले?"

मग त्याने परीक्षा मांडली. आलेल्या रोग्याने मडक्यात हात घालून खडा काढायचा. काळा आला तर पूर्वेच्या ओसरीवर त्याचा मणका बसवायचा. पांढरा आला तर पश्चिमेच्या ओसरीवर पाठीवर नुसते हात ठेवायचे, तितकाच वेळ, तितक्याच मायेने. नंतर सारे रोगी आतल्या एकाच पडवीत राहत आणि सोणा नावाची एक साळीण, म्हणजे विणकरीण, तिथे त्यांची शुश्रूषा करी. कुणाला कोणता खडा आला हे तिला न सांगता, कोण किती बरे झाले ते तो तिलाच विचारी.

चार महिन्यांत सारे उघड झाले. सर्दीखोकला दोन्ही ओसऱ्यांवर सारखाच गेला. बहिरे दोन्हीकडे बहिरेच राहिले. आखडलेल्या पाठींना पूर्वेकडे थोडा लवकर आराम पडला, एवढेच. आणि त्याच ओसरीवर मणका बसवण्यासाठी मान वळवताना एका नावाड्याचा उजवा हात लुळा पडला, तो त्याला पुन्हा उचलता आला नाही.

बोधिसत्त्व नावाड्याच्या घरी गेला आणि म्हणाला, "बाबा, हे दैवाने झाले नाही. माझ्या हातून झाले." त्या दिवसापासून नावाड्याच्या घराचा भार त्याने आपल्यावर घेतला आणि मणके बसवणे सोडून दिले.

थोड्याच दिवसांत राजकन्येला कडक ताप भरला. राजाने त्याला बोलावून आज्ञा केली, "हिचा मणका बसव."

"महाराज, त्याने ताप जात नाही. मी पडताळून पाहिले आहे. उलट अपाय व्हायचा."

"तुझ्या बापाने माझ्या बापाला बरे केले होते! आणि तू नाही म्हणतोस? मग ते हात ठेवून काय करायचे? तोडून टाकतो."

बोधिसत्त्वाने दोन्ही हात पुढे केले. "तोडा, महाराज. पण दुसऱ्या कुणालाही हिच्या मानेला हात लावू देऊ नका."

राजाच्या मनात आले, हात गमावायला निघालेला माणूस खोटे कशासाठी बोलेल? तो आसनावरून उठला आणि हळू आवाजात म्हणाला, "मग काय करू, सांग."

ओल्या घड्या, उकळून निववलेले पाणी, पातळ पेज. बोधिसत्त्व आणि सोणा सात दिवस उशाशी बसून राहिली. आठव्या दिवशी सकाळी मुलीला घाम फुटला. तिने डोळे उघडले आणि ती म्हणाली, "भूक लागली."

राजाने बोधिसत्त्वाचे पाय धरले. "तू तिला वाचवलेस."

"नाही, महाराज. अशा तापातून कित्येक उठतात, काही उठत नाहीत. मी तिची तहान भागवली आणि वाट पाहिली. बाकीचे काम तिच्या देहाने आतल्या आत केले. ते कसे केले, हे मलाही उमगत नाही. इतकी वर्षे त्याचे श्रेय मात्र मी घेत होतो."

मुलीचा संथ श्वास ऐकत राजा, वैद्य आणि साळीण तिघेही नकळत हात जोडून उभे राहिले.

एवढी कथा सांगून तथागत बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची सोणा आज संघातल्या आजाऱ्यांची सेवा करणारी भिक्षुणी आहे. तो राजा म्हणजे हा पुढे बसलेला वृद्ध उपासक. आणि हाडवैद्य मीच होतो. राजकन्या उठली नसती, तरी मणका बसवून ताप जात नाही हे माझे बोलणे खरेच राहिले असते. याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात."