काढून घेतलेला दोरा

मिरजेत एकदा एक तरुण आपल्या गुरूंकडे आला, तो उत्तर मागायलाच. गुरू म्हणजे तंबोरे घडवणारे एक वृद्ध कारागीर. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणे. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू, पण कान असा की रस्त्यावरून सायकल गेली तर तिच्या चाकातली कुठली तार सैल आहे ते सांगावं. निदान लोक तसं म्हणत, आणि चाचा ते कधी नाकारत नसत.

तरुण शिकला होता संगणकशास्त्र. पण गेली सहा वर्षं दर रविवारी तो चाचांच्या कारखान्यात येऊन बसे. भोपळा घासणं, खुंट्या बसवणं, तारा चढवणं हे सगळं त्याला जमू लागलं होतं. जवारी मात्र चाचांनी अजून त्याच्या हाती दिली नव्हती. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिथे प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवतात, तीच ही विद्या. दोरा केसभर इकडे राहिला तर तार मुकी, केसभर तिकडे गेला तर करकरते. नेमक्या जागी बसला तरच सूर उमलतो. त्या जागेला खूण नाही आणि तिचं माप कुठल्या पट्टीवर सापडत नाही.

त्या रविवारी तरुणाचं मन थाऱ्यावर नव्हतं. दोन वर्षं तो स्वतःचा व्यवसाय करत होता. आसपासच्या तीन गावांतल्या दूध संकलन केंद्रांना त्याने वजनकाट्याला जोडलेला प्रोग्राम लिहून दिला होता. काटा अडला की फोन त्यालाच. मालकही तोच, कामगारही तोच आणि चहा आणणाराही तोच. आता पुण्यातल्या एका मोठ्या सल्लागार आयटी कंपनीने त्याला नोकरी देऊ केली होती. होकार की नकार, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचं होतं. आई म्हणे, जा. मित्र म्हणत, स्वतःचं सोडून दुसऱ्याच्या दारात कशाला उभा राहतोस? आठ दिवस पोराला धड जेवण जात नव्हतं. एक वाट धरली की दुसरी जन्माची बुजणार, याचं भय त्याच्या मनात घर करून बसलं होतं.

खरं सांगायचं तर, चाचा काय म्हणणार हे त्याने मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. ज्या माणसाने आयुष्यात कुणाची चाकरी केली नाही, तो 'नोकरी कर' असं कशाला म्हणेल? एकदा त्यांनी 'नको' म्हटलं की आपण सुटलो, अशी त्याची अटकळ होती.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून एक नवा, तारा चढवलेला तंबोरा त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "जवारी लाव."

"मी? आणि चाचा, माझ्या प्रश्नाचं काय?"

"तंबोरा लागलाय सुरात. दोरा तेवढा राहिलाय. लाव."

तरुणाने खर्जाच्या तारेखाली दोरा सरकवला, तार छेडली आणि चाचांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा कोरा. त्याने दोरा किंचित पुढे घेतला, तार छेडली, पुन्हा पाहिलं. मागे घेतला, पुन्हा पाहिलं. भुवई हलली का? नाही, माशी बसली होती. एक तास गेला, दुसरा गेला. तार कधी मुकी राही, कधी पत्र्यासारखी करकरे. त्याच्या बोटांना घाम सुटला.

"चाचा, निदान पुढं घेऊ का मागं, एवढं तरी सांगा."

तेवढ्यात दुपारच्या नमाजाची अजान झाली. चाचांनी टोपी घातली आणि ते मशिदीकडे निघून गेले.

आता पाहायला चेहराच उरला नाही. तरुण आधी चिडला. मग हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला. बऱ्याच वेळाने, काहीशा निरुपायाने, त्याने डोळे मिटले आणि तार छेडली. दोरा हलवला, ऐकलं. पुन्हा हलवला, पुन्हा ऐकलं. आणि कुठल्याशा क्षणी त्या एका तारेतून सूर असा उमलला की त्याचा हात जागीच थबकला.

त्याने श्वास रोखून उरलेल्या तीन तारांचे दोरे लावले आणि चारही तारा एकामागून एक छेडल्या. एक पंचमाची, दोन षड्जाच्या, एक खर्जाची. पण त्या नादात आणखी एक सूर उभा होता. गंधार! कुठल्याही तारेवर नसलेला, कुणीही न छेडलेला, तरी स्पष्ट, शांत, तेजस्वी. जाणकार त्याला स्वयंभू म्हणतात. तरुणाने तो शब्द शंभरदा ऐकला होता, आज प्रथमच त्याचा अर्थ त्याच्या अंगावर काट्यासारखा उभा राहिला. भिंतीवर टांगलेले अर्धवट भोपळेही आतून घुमताहेत असं त्याला वाटलं. त्याचे डोळे भरून आले आणि आपण कुणापुढे हात जोडावेत हे त्याला कळेना.

चाचा परतले तेव्हा तो छेडतच होता. ते उंबऱ्याशी उभे राहिले. पुष्कळ वेळ ऐकलं. मग जवळ येऊन वाकले, नखाने चारही दोरे एकेक करून ओढून काढले आणि लाकडाच्या भुशात टाकून दिले.

गंधार विझला. तारा नुसत्या टणटणू लागल्या.

"चाचा!" तरुण जवळजवळ ओरडलाच. "काय केलंत हे? अख्खी दुपार गेली माझी त्यात!"

"परत लाव," चाचा म्हणाले आणि चहाची कपबशी घेऊन समोर बसले.

तरुणाने रागारागाने नवे दोरे घेतले, डोळे मिटले, तार छेडली. चाचांचा चहा अजून अर्धाही झाला नव्हता, तोच गंधार पुन्हा उभा राहिला. तरुण आपल्या बोटांकडे पाहतच राहिला, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती.

"दोरा मी काढून घेतला," चाचा हळूच म्हणाले. "कान काढून घेता आला का मला? माझ्याकडनं तंबोरा नेणाऱ्याला मी दोरा काढूनच देतो, बेटा. इथली हवा निराळी, तो जाणार तिथली निराळी. तिथं त्यानं नवा लावायचा असतो. ज्याला लावता येतो, त्याचं काहीएक हरवत नाही. तू भ्यालास ते हरवायला. आणि दोन तास दोऱ्याची जागा सापडली नाही, का? तर तू तार ऐकतच नव्हतास, माझं तोंड बघत होतास. तोंड बघून दोरा लावणारा स्वतःच्या दुकानातसुद्धा नोकरच असतो रं. आज माझं तोंड, उद्या गिऱ्हाइकाचं."

'मग मी काय करू?' हे तरुणाच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

त्याने तंबोरा पुन्हा मांडीवर घेतला आणि छेडू लागला. गंधार आला. चार तारा, आणि त्यांच्यातून उठलेलं हे पाचवं काही, जे त्यांच्यातल्या एकीच्याही मालकीचं नव्हतं. तो ऐकत राहिला. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या मनात कुणाचाही आवाज नव्हता, आईचा नाही, मित्रांचा नाही.

"चाचा," घोडीवरची नजर न हलवता तो म्हणाला, "मी उद्या कंपनीला हो कळवतोय. तिन्ही केंद्रांवर माणसं तयार करून मगच जाईन. पण जाईन. दोन वर्षं एकट्यानं एक तार वाजवली. चार एकत्र लागल्या की काय उठतं, ते मला ऐकायचंय. नाही रुचलं, तर परत येऊन दोरा लावीन."

हे ऐकून चाचांच्या चेहऱ्यावर काय उमटलं, ते त्याला कधीच कळलं नाही. त्याने वर पाहिलंच नव्हतं.