रंगाऱ्याचा नकार

एका गावात दर सोमवारी मोठा बाजार भरायचा. त्या गावात केरबा नावाचा एक रंगारी नव्याने राहायला आला. मंजिष्ठेच्या मुळांचा लाल रंग त्याच्यासारखा पंचक्रोशीत कुणाला जमत नव्हता. कापड फाटेल, पण रंग उतरणार नाही, असं त्याचं काम होतं. फक्त हे त्याला स्वतःला ठाऊक होतं, गावाला नव्हतं.

मग केरबाने ओळखी वाढवायचं मनावर घेतलं. बारसं असो, जत्रा असो, कुणाच्या म्हशीला रेडकू झालेलं असो, केरबा हजर! लाल कापडाच्या चिंध्या तो खिशात घेऊन फिरायचा. दिसेल त्याच्या हातावर एक ठेवायचा आणि म्हणायचा, "केरबा रंगारी. कुणी विचारलं तर नाव सांगा बरं का." समोरचा "हो हो, सांगू की" म्हणायचा आणि त्या चिंधीने कंदिलाची काच पुसायचा. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. सहा महिन्यांत केरबा तीनशे माणसांना भेटला, आणि त्याच्या दारात तीन माणसंही आली नाहीत.

त्याची बायको सगुणा म्हणाली, "धनी, ही लग्नसराई रिकामी गेली तर इथलं बिऱ्हाड मोडू. माझ्या भावाच्या मळ्यावर राबू, दुसरं काय!" मेव्हण्याच्या मळ्यावर राबायचं म्हणजे हातातली कला गेली, हे केरबाला कळत होतं. पण तो रागावला गावावर. गावच मेलं जळकं आहे, असं त्याने ठरवून टाकलं.

गाव जळकं नव्हतं. गावात एक रीत होती. कारागिराचं नाव ज्याने सुचवलं, तोच त्या कामाला जबाबदार. माल खराब निघाला तर गिऱ्हाईक कारागिराशी भांडायला जायचंच नाही. विटलेलं कापड असो की फुटकं मडकं, ते नाव सुचवणाऱ्याच्या दारावर आठ दिवस टांगून ठेवायचं. येणारा-जाणारा बघायचा आणि हसायचा. त्यामुळे त्या गावातली माणसं पोरीला स्थळ सुचवावं तितक्या जपून कारागिराचं नाव सुचवायची. परक्या केरबाला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कधी कुणाला काही विचारलं नव्हतं. त्याला फक्त सांगायचं असायचं.

एके दिवशी त्याने तेल्याच्या दारावर एक विटका शेला लटकताना पाहिला. शेजारीच बयजा कासारीण बांगड्यांचा हारा उतरवून बसली होती. केरबाने तिला त्या शेल्याबद्दल विचारलं. बयजाने रीत सांगितली आणि वर म्हणाली, "आता तूच सांग लेका, चिंधीभर ओळखीवर कोण आपलं दार पणाला लावील?"

केरबा खजील झाला. पण माणूस हुशार होता. त्या दिवसापासून त्याने चिंध्या वाटणं बंद केलं. तो एकट्या बयजाकडे जाऊन बसू लागला. ती घरोघर बांगड्या भरायला जायची, कुणाच्या घरी काय शिजतंय हे तिला ठाऊक असायचं. तो तिला तिच्या धंद्याचं विचारायचा. बायका कशावरून कुरकुरतात, नवऱ्या मुलीला कसला चुडा लागतो, सगळं ऐकून घ्यायचा. बांगड्या मांडायला त्याने तिला एक लाल पासोडी रंगवून दिली. बयजा काही भोळी नव्हती. तिने ती पासोडी महिनाभर उन्हात टाकली, नदीवर आपटून आपटून धुतली. रंग जसाच्या तसा राहिला.

"लाल पाहिला. बाकीचं काय येतं तुला?" तिने विचारलं.

"सगळं येतं, मावशी," केरबा म्हणाला. इथे तो खोटं बोलला. हिरवा त्याला धड येत नव्हता. हिरवा होतो निळ्यावर पिवळा चढवून, आणि त्याचा पिवळा कच्चा होता, त्यामुळे तिसऱ्या धुण्याला हिरव्याचा निळा व्हायचा.

चारच दिवसांनी बयजा देशमुखीणबाईंना घेऊन केरबाच्या दारात आली. मागे गड्याच्या डोक्यावर गाठोडं होतं. देशमुखांच्या घरी लग्न होतं. पाच लुगडी लाल रंगवायची होती आणि अकरा हिरवी.

"बयजानं तुझं नाव सांगितलं म्हणून आले," देशमुखीणबाई म्हणाल्या. "मला दहा ठिकाणी हिंडायला वेळ नाही. सगळं एका हाती देणार. जमेल ना?"

दाराआडून सगुणा हो म्हण, हो म्हण, अशा खुणा करत होती. एवढं एक काम मिळालं असतं तर बिऱ्हाड मोडावं लागलं नसतं. लग्नाच्या दिवशी हिरवा छान दिसला असता. वरात निघून गेली असती, पाहुणे पांगले असते, आणि रंग फिरला असता तो त्यानंतर. पण तेव्हा ती अकरा लुगडी बयजाच्या दारावर लटकली असती. केरबाने तिच्याकडे पाहिलं. ती निर्धास्त उभी होती.

केरबा म्हणाला, "बाईसाहेब, लाल करीन, पिढीभर टिकेल. हिरवा माझा टिकत नाही. मावशीला मी खोटं सांगितलं होतं. नदीपलीकडच्या नाथाप्पाचा हिरवा पक्का आहे. त्याच्याकडे जा."

"मग सगळंच त्याच्याकडे देते," असं म्हणून देशमुखीणबाईंनी गाठोडं उचलायला लावलं आणि तरातरा निघून गेल्या. बयजाही त्यांच्यामागून गेली.

सगुणा बाहेर आली. "हरिश्चंद्राचे अवतार!" एवढंच ती म्हणाली आणि भांडी बांधायला बसली. केरबा ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. चांगुलपणा केला की लगेच बरं वाटतं, असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी त्याला पाहायला हवं होतं.

सोमवार उजाडला. बाजार उठला की निघायचं ठरलं होतं. पण सकाळीच बयजा दारात उभी राहिली. तिच्यामागे सात-आठ बाया होत्या. कुणाच्या काखेत लुगडी, कुणाच्या डोक्यावर फेट्यांचं कापड. सगळ्यांना लाल रंग हवा होता. "अगं हळू, सगळ्यांचं होईल," असं बयजा त्यांना दटावत होती.

केरबा गोंधळला. "मावशी, तुमच्याशी मी खोटं बोललो. देशमुखीणबाईंच्या समोर तुम्हाला तोंडघशी पाडलं. तरी तुम्ही माझंच नाव सांगत फिरलात?"

बयजा म्हणाली, "खोटं बोललास त्याचा राग आहेच, तो आज संध्याकाळी काढीन. पण ऐक. चाळीस वर्षं मी कारागिरांची नावं सांगतेय. सगळे प्रत्येक कामाला 'होय' म्हणतात, आणि माल घरी येईस्तोवर माझा जीव टांगणीला. पोट जळत असताना 'नाही' म्हणणारा तू पहिलाच भेटलास. तुझं नाव सांगितलं की मी सुखानं भाकरी खाते."

सगुणाने बांधलेली भांडी सोडली आणि चुलाणावर रंगाची कढई चढवली.

तात्पर्य: आपलं नाव शंभर जणांच्या कानावर घालून कामं मिळत नाहीत, जो आपल्यासाठी शब्द टाकतो, त्याची मान खाली जाऊ न देणाऱ्यालाच माणसं पुन्हा पुन्हा गिऱ्हाईक आणून देतात.